भट्टीच्या खोलीतला हर्मन

अर्डिथ टीडमन कमी बोलायची, हे वेस्टफाल गावात सगळ्यांना माहीत होतं. का कमी बोलायची, हे कोणी विचारत नसे, कारण तिच्या नवऱ्याशी थोडा वेळ बोललं की उत्तर आपोआप मिळायचं. व्हर्लिन टीडमन मक्याचं बियाणं विकायचा. अमेरिकेतल्या आयोवात नजर जाईल तिकडे मकाच. तिथे आपलंच बियाणं कसं वेगळं हे पटवायचं तर बोलावं लागतं. व्हर्लिन दिवसभर शेताशेतांतून बोलायचा आणि जिभेची सवय मोडू नये म्हणून संध्याकाळी घरी बोलायचा.

माणूस वाईट नव्हता. दारूला शिवत नसे, रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर ठरलेल्या जागी बसलेला असे. बायकोवर त्यानं कधी आवाजसुद्धा चढवला नाही. आवाज चढवायला समोरून काही यावं लागतं. बाहेर जेवायला गेले की अर्डिथला काय हवंय ते तो सांगायचा. डॉक्टरनं अर्डिथला कुठे दुखतं म्हणून विचारलं तर तेही तोच सांगायचा. एकदा त्यानं डावा गुडघा सांगितला. दुखत उजवा होता. डॉक्टरनं डावा गुडघा बराच वेळ दाबून पाहिला, मलम लिहून दिलं, आणि अर्डिथनं घरी येऊन ते उजव्या गुडघ्याला लावलं. गुण आला. व्हर्लिन पुढे वर्षभर त्या डॉक्टरची तारीफ करत होता.

"ऐकून घेणारी बायको मिळायला नशीब लागतं," असं तो धान्याच्या कोठीवर जमलेल्या लोकांना सांगायचा. त्यातला ऐकून घेण्याचा भाग खरा होता. अर्डिथ सगळं ऐकायची आणि त्यातलं फार थोडं विसरायची.

वेस्टफालमध्ये हॅलोवीनची, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाची, पार्टी लुथरन चर्चच्या तळघरात व्हायची. पूर्वी त्या संध्याकाळी गावची पोरं मोकाट असत. दुकानांच्या काचांना साबण फासणं, कोणाची तरी ढकलगाडी शाळेच्या छपरावर चढवणं असे त्यांचे उद्योग. मग एका वर्षी पोरांनी पास्टरांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, परसातला लाकडी संडास आडवा केला, आणि पास्टर आत होते. पुढच्या वर्षापासून पार्टी सुरू झाली. पोरांना तळघरात कोंडून खाऊपिऊ घालावं आणि दमवून घरी पाठवावं, असा साधा हिशेब होता.

खेळ ठरलेले होते. पत्र्याच्या मोठ्या टबात पाणी भरून सफरचंदं सोडायची आणि हात पाठीमागे बांधून दातांनी उचलायची. दोरीला डोनट टांगायचे आणि उड्या मारत खायचे. संडासातल्या कागदाचे गुंडाळे घेऊन कोणाच्या तरी बापाला नखशिखांत गुंडाळून ममी करायची. आणि शेवटी भट्टीच्या खोलीत मेलेल्या माणसाचा खेळ. चर्च गरम ठेवणारी भट्टी तिथे होती, खिडकी नव्हती. दिवा मालवायचा, मुलांना गोल बसवायचं आणि अंधारात एकेक वाडगा फिरवायचा. हे मेलेल्याचे डोळे, म्हणजे सोललेली द्राक्षं. हे आतडं, म्हणजे उकडून गार केलेली स्पॅगेटी. मेंदू म्हणजे उकडलेला फ्लॉवर. मुलं हात घालायची, किंचाळायची आणि परत हात घालायची.

हा खेळ जुन्या पास्टरांची बायको करायची. तिच्याजवळ एक पाठ केलेलं गाणं होतं, ते ती घशातून आवाज काढत म्हणायची. ती मंडळी नेब्रास्काला बदलून गेली आणि जागा रिकामी झाली. कामं वाटायचा मान मेव्हिस रॅशकडे होता. मेव्हिसला आवाज होता, बोटानं कामं दाखवायची सवय होती, आणि कोणाला नाही म्हणता येणार नाही अशा रीतीनं विचारायची हातोटी होती. केक कोणी करायचे, टब कोणी भरायचा, सगळं वाटून झालं. अर्डिथ कोपऱ्यात कप विसळत होती.

"अर्डिथ, तू भट्टीच्या खोलीचं बघ," मेव्हिस म्हणाली. "बोलायचं असं काही नाही त्यात. वाडगे फिरवायचे नुसते."

पहिल्या वर्षी अर्डिथ अंधारात वाडगे मांडून बसली. गाणं तिला येत नव्हतं. तिनं द्राक्षांचा वाडगा पुढे केला आणि म्हणाली, "हे डोळे." पहिल्या दोघा-तिघांनी किंचाळून घेतलं. मग रॅशांची धाकटी नात, जेमतेम शाळेत जायला लागलेली, वाडग्यात हात तसाच ठेवून म्हणाली, "कोणाचे?"

"एका माणसाचे."

"नाव काय त्याचं?"

"हर्मन," अर्डिथ म्हणाली. गावात हर्मन नावाचं कोणी जिवंत नव्हतं.

"त्याला चांगलं दिसायचं?"

अर्डिथनं विचार केला. अंधार होता, कोणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं, आणि तिच्या वतीनं उत्तर द्यायला शेजारी कोणी नव्हतं. "फार चांगलं दिसायचं," ती म्हणाली. "रस्त्यावरून गाडीतून जाताना दुसऱ्याच्या शेतातलं तण दिसायचं. फक्त फ्रिजमधलं लोणी दिसायचं नाही. समोर असायचं, तरी हाक मारून विचारायचा."

मुलांना त्यात काही कळलं नाही. पण मागे, लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांपैकी कोणीतरी फसकन हसलं. मग दुसरी हसली. अर्डिथनं आयुष्यात प्रथमच काहीतरी बोलून लोकांना हसवलं होतं. तिनं पुढचा वाडगा उचलला. त्यात अर्धी मऊ पीच होती, ती जीभ म्हणून.

"ही त्याची जीभ," ती म्हणाली. "अजून गरम आहे. हर्मन गेला, पण हिला कोणी कळवलेलं नाही."

त्या संध्याकाळी खेळ तीन वेळा झाला आणि तिसऱ्या वेळी खोलीत मुलांपेक्षा बायका जास्त होत्या.

त्यानंतर हर्मन दर वर्षी मरायला लागला. ऑक्टोबर म्हणजे मका काढायचे दिवस. पुरुष अंधार पडला तरी शेतात कंबाईनवर, कापणीच्या यंत्रावर, असायचे, आणि जे मोकळे असत ते शेजारच्या खोलीत कॉफी पीत पत्ते खेळायचे. भट्टीच्या खोलीत ते फिरकायचे नाहीत, तो बायकापोरांचा खेळ. अर्डिथ वर्षभर तयारी करायची. म्हणजे ती काहीच करायची नाही, स्वयंपाक करता करता व्हर्लिनचं ऐकायची. आपण बोलताना तिचे डोळे हल्ली चमकतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपलं बोलणं वयाबरोबर सुधारतंय, असा त्यानं त्याचा अर्थ लावला.

हर्मनला हळूहळू सगळे अवयव फुटले. सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी म्हणजे कान: "हे बघा, कोरे करकरीत. वापरलेलेच नाहीत." मक्याचे दाणे म्हणजे दात. फ्लॉवरचा मेंदू: "ह्यात प्रत्येक जातीच्या मक्याचं एकरी उत्पन्न होतं, सगळ्या वर्षांचं. फक्त लग्नाचा वाढदिवस मावला नाही." सोललेला टोमॅटो म्हणजे हृदय. हृदय चांगलं होतं, अर्डिथ म्हणायची, पण ते कुठे ठेवलंय हे त्याला आठवायचं नाही. मी शोधून द्यायचे. म्हणजे त्याची बायको, असं ती लगेच सावरून घ्यायची.

बायकांना जागा पुरेना. शेवटी मेव्हिसनं नियम काढला की सोबत मूल असेल तरच आत सोडायचं. मग बायका मुलं उसनी आणू लागल्या. पोस्टात काम करणारी जेनीव्ह, जिनं लग्नच केलं नव्हतं, ती शेजारणीचं तान्हं घेऊन आली आणि ते सगळा वेळ रडत राहिलं तरी हलली नाही. खरी मुलं बाहेर टबाशी भिजत असायची. त्यांना हर्मनचं एवढं काही वाटत नव्हतं. त्यांना आतड्यात हात घालायला मिळाला की झालं.

प्रत्येकीला हर्मन आपल्या घरातला वाटायचा. मेव्हिस तर एकदा कप पुसता पुसता अर्डिथला म्हणाली की ते कानाचं बोललीस ते आमच्या ह्यांच्यावरून, डेलबर्टवरूनच ना, मला कळलं, मी काही रागावलेले नाही. अर्डिथ म्हणाली, अगं, ती सफरचंदं आहेत.

एका वर्षी ऑक्टोबरभर पाऊस लागला. शेतात चिखल, कंबाईन उभीच. पुरुष घरात बसून कंटाळले आणि पार्टीला सगळे आले. पत्ते खेळून झाले, कॉफी संपली. व्हर्लिननं भट्टीच्या खोलीतला हशा ऐकला आणि डेलबर्टला म्हणाला, चल, बघू तरी. दारात मेव्हिस आडवी झाली. मूल असल्याशिवाय सोडत नाही म्हणाली. व्हर्लिननं डेलबर्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हे माझं मूल. दोघे आत येऊन उपड्या बादल्यांवर बसले.

अर्डिथनं अंधारात त्याचा खोकला ओळखला. त्या खोलीत तो प्रत्येकीनं ओळखला. द्राक्षांचा वाडगा अर्डिथच्या मांडीवर होता. "हे डोळे" एवढं म्हणून वाडगा पुढे करता आला असता. मुलांचं तेवढ्यानं भागत होतं. तिनं वाडगा उचलला. पुढे इतकी वर्षं पाठ झालेली वाक्यं होती, आणि ती आली. डोळे झाले. लोणी झालं. कोणी हसलं नाही. जीभ झाली.

मग कोणीतरी हसलं. मोठ्यानं, खदखदून, बादली सिमेंटवर करकरेल इतकं. व्हर्लिन हसत होता. कानांचा वाडगा त्याच्या हातात आला, "वापरलेलेच नाहीत" हे त्यानं ऐकलं, आणि त्याला ठसका लागला. डेलबर्टही हसत होता, पण जरा जपून, शेजारच्याला लागू नये अशा बेतानं.

घरी जाताना गाडीत तो पावसाच्या आवाजावर आवाज काढून बोलत होता. डेलबर्ट अगदी हुबेहूब उतरलाय म्हणाला. आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नाही, स्वतःवरच हसत बसला होता.

"पण जरा जपून कर हं अर्डिथ," तो म्हणाला. "माणसाला कधी तरी कळतं. मग वाईट वाटतं."

"जपून करीन," अर्डिथ म्हणाली.

तिला वाटलं होतं की ऐकल्यावर तो चिडेल, किंवा गप्प होईल. दोन्हींपैकी काहीही तिला सोसलं असतं. त्याला खेळ आवडेल, ही शक्यता तिनं धरलीच नव्हती.

त्याला फार आवडला. धान्याच्या कोठीवर त्यानं आठवडाभर तो सांगितला. आपली बायको इतकी विनोदी आहे हे त्याला नव्यानं कळलं होतं, आणि अर्थातच ते तिनं कोणाकडून घेतलं हेही त्याला दिसत होतं. हिवाळाभर तो तिला डेलबर्टच्या गोष्टी पुरवत होता: हे घाल, ते घाल. पुढच्या ऑक्टोबरात त्यानं बियाण्याच्या कंपनीचा माईक आणला. खेळाआधी चार शब्द बोलायला कोणी तरी हवं, नाहीतर नव्या लोकांना संदर्भ कळत नाही, असं त्याचं म्हणणं. चार शब्द पाव तास चालले, आणि त्यात डेलबर्टच्याच गोष्टी होत्या, फक्त नाव न घेता. मग अर्डिथनं वाडगा पुढे केला, आणि ती "हे डोळे" म्हणते आहे तोवर त्यानं माईकवरून लोण्याचं सांगून टाकलं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे तेही सांगितलं.

पुढल्या वर्षी अर्डिथला काही बोलायचं उरलंच नाही. ती वाडगे फिरवायची. मेव्हिसनं सुरुवातीला दिलेलं काम तंतोतंत तेच होतं. डेलबर्टनं व्हर्लिनकडून बियाणं घेणं बंद केलं. व्हर्लिनला कारण कळेना. दुसऱ्या कंपनीवाल्यानं काहीतरी कानात भरवलं असणार म्हणाला.

तिसऱ्या वर्षी तो अंधारात माईक हातात घेऊन हर्मनच्या मेंदूपर्यंत पोचला होता. अर्डिथनं फ्लॉवरचा वाडगा खाली जमिनीवर ठेवला. भिंतीला हात लावत ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. काही ठरवून केलं असं नव्हतं. तिला बाहेर जावंसं वाटलं आणि दार जवळ होतं. थोड्या वेळानं मेव्हिस बाहेर आली. मग जेनीव्ह. मग एकेक करत, पाय न वाजवता, सगळ्या आल्या, कडेवरची मुलं घेऊन. आत व्हर्लिनचा आवाज चालू होता.

बाहेर टबात थोडी सफरचंदं तरंगत होती आणि मुलं दमून डोनट खात बसली होती. कोणीतरी अर्डिथला म्हणालं, तू कर ना, तू कधी केलंच नाहीस. तिनं चष्मा काढून मेव्हिसकडे दिला, दुखरा गुडघा सांभाळत खाली बसली, हात पाठीमागे घेतले आणि तोंड पाण्यात घातलं. सफरचंद निसटलं. परत निसटलं. बांधलेले केस सुटून पाण्यात लोंबले. शेवटी तिनं डोकंच बुडवलं, सफरचंद तळाशी दाबून धरलं आणि दातात घेऊन वर आली, तेव्हा बायका टाळ्या पिटत होत्या.

त्या टाळ्या ऐकून व्हर्लिन बाहेर आला. भट्टीच्या खोलीत दिवा लावला तेव्हा त्याच्यासमोर फक्त डेलबर्टची धाकटी नात होती, पहिल्या वर्षी हर्मनचं नाव विचारणारी, आता चांगली मोठी झालेली. तिला कोणी उठवलं नव्हतं आणि ती भिंतीला टेकून झोपली होती. माईक त्याच्या हातात तसाच होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडात सफरचंद होतं, केसांतून पाणी गळत होतं, आणि ती हसत होती.

"कधी आलात तुम्ही सगळ्या बाहेर?" त्यानं विचारलं.

अर्डिथनं तोंडातलं सफरचंद काढलं. "मेंदूच्या वेळी," ती म्हणाली.

गाडीत तो काही बोलला नाही. घराजवळच्या वळणावर त्यानं वेग कमी केला आणि समोर बघतच विचारलं, "डेलबर्ट नव्हता ना तो?"

"नाही."

तो घरात गेला आणि जेवला, आणि जेवताना मीठ लागलं तेव्हा न मागता त्यानं ते स्वतः उठून घेतलं. अर्डिथला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जरा रागही आला.

व्हर्लिन आठ दिवस कोठीवर गेला नाही. गेला तेव्हा त्यानं सांगितलं की तो हर्मन म्हणजे आपणच, पहिल्यापासून. बायकोला खेळासाठी कोणीतरी लागतं, म्हटलं माझी कर थट्टा. मन मोठं असावं लागतं त्याला. लोकांनी माना हलवल्या. डेलबर्टनं त्याच्याकडून पुन्हा बियाणं घ्यायला सुरुवात केली.

पुढच्या पार्टीला व्हर्लिननं स्वतःच सुचवलं की वाडग्यांबरोबर मधोमध एक प्रेतही असावं, आणि ते आपण व्हावं. अर्डिथनं एकच अट घातली: प्रेत बोलत नाही. तो पांढऱ्या चादरीखाली सिमेंटवर आडवा झाला. दिवा मालवला. खोली बायकांनी गच्च भरली होती. ज्यांनी ऐकलं होतं त्या शेजारच्या गावांतूनसुद्धा आल्या होत्या. नवऱ्याला समोर आडवा पाडून ती काय काय बोलेल, या आशेनं सगळ्या सरसावून बसल्या होत्या.

अर्डिथनं डोळे फिरवले, जीभ फिरवली. नेहमीचं बोलली. मग वाळू भरून थंड केलेला रबरी हातमोजा तिनं उचलला. हात हा नवा अवयव होता आणि त्यासाठी तिनं एक चांगलंसं वाक्य योजून ठेवलं होतं. पण चादरीखालून त्याचा श्वास ऐकू येत होता, अगदी शहाण्या मुलासारखा हळू. तिला ते वाक्य म्हणवेना.

"हे त्याचे हात," ती म्हणाली. "माझी आई गेली त्या वेळी हिमवादळ होतं. रस्ता दिसत नव्हता. हा गाडी चालवत होता आणि सबंध रस्ता बोलत होता. काय बोलत होता मला आठवत नाही. पण मी घाबरले नाही."

मोजा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कोणी हसलं नाही. चादर सळसळली, पण आतून आवाज आला नाही. अट त्यानं पाळली.

बायकांची निराशा झाली. कोणी तोंडावर बोललं नाही, पण मेव्हिसनं नंतर कप पुसताना एवढं म्हटलं की हर्मन अलीकडे बिघडलाय. पुढच्या वर्षी खोलीत परत जागाच जागा झाली. बायका केकच्या टेबलाशी गप्पा मारत बसल्या, आणि भट्टीच्या खोलीत मुलं आली. त्यांना लोण्याचं काही पडलेलं नव्हतं आणि हिमवादळाचंही नव्हतं. त्यांना खरा मेलेला माणूस हवा होता, आणि तो होता. तो न बोलता पडून राहायचा आणि शेवटी अर्डिथनं पायाला हात लावून खूण केली की उठून बसायचा. मुलं जीव खाऊन किंचाळायची, दारात एकमेकांवर पडायची, आणि परत रांगेत उभी राहायची.

अशी काही वर्षं गेली. पुढे व्हर्लिनच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं गार सिमेंटवर आडवं व्हायला मनाई केली. कुठे दुखतं ते या वेळी अर्डिथनं सांगितलं, कारण त्याला भूल दिलेली होती. त्याच्या जागी डेलबर्टला झोपवलं. डेलबर्ट दुसऱ्याच खेळाला घोरायला लागला. मेलेला माणूस घोरतोय हे ऐकून मुलं इतकी हसली की जेनीव्ह टेबलावरचा केक सोडून काय झालं ते बघायला आली.

व्हर्लिन दारात खुर्ची टाकून बसला होता. प्रेताचं काम किती अवघड असतं, श्वास कसा पोटातून घ्यावा लागतो आणि डेलबर्ट नेमकं कुठे चुकतोय, हे तो जेनीव्हला समजावून सांगत होता.